आकडे हलतात ते बऱ्याचदा जेलमुळे

ऑर्गनॉइडवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या अवयवासारख्या पेशींच्या छोट्या गोळ्यांवर, एकाच औषधाच्या चाचणीचे आकडे दर वेळी वेगळे येतात म्हणून पद्धतच कच्ची, असं काही जण म्हणतात; हा निष्कर्ष घाईचा वाटतो. आधी मॅट्रिजेल पाहा, म्हणजे ज्याच्या थेंबात या पेशी वाढवतात ते जेल. १० अंशांच्या वर ते घट्ट होऊ लागतं. बर्फावरच ठेवायचं, पिपेटच्या टिपासुद्धा थंड हव्यात. नाहीतर थेंबागणिक पेशींची संख्या बदलते. थेंब टाकल्यावर प्लेट उलटी करून ३७ अंशांवर १५-२० मिनिटं ठेवा, म्हणजे पेशी तळाला बसत नाहीत. कडेच्या वेल्समधून (प्लेटमधल्या खाचांमधून) पाणी उडतं, तिथे पेशी न घालता नुसता बफर (क्षारांचं द्रावण) भरा. डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) नियंत्रण वेल्ससह, म्हणजे औषध नसलेल्या वेल्ससह, सगळीकडे सारखंच, शक्यतो ०.१ टक्का. आणि किती पेशी जिवंत आहेत ते कळण्यासाठी एटीपी (पेशीतला ऊर्जेचा रेणू) मोजतात, त्याला पेशींच्या सपाट थरासाठीचं रसायन नकोच: ते गोळ्याच्या गाभ्यापर्यंत नीट पोचत नाही, तिथल्या जिवंत पेशी मोजायच्या राहून जातात.