मदत हवी आहे: ३००० फुटी प्लॉटवर बिल्डर स्टिल्ट अधिक चार म्हणतो, मंजूर होईल का?

विदर्भवासी२
नागपूरच्या प्रतापनगरकडे ४० बाय ७५ चा प्लॉट, वर जुनं घर. बिल्डर म्हणतो पाडू, स्टिल्टवर (खाली खांबांवर मोकळं पार्किंग) चार मजले, आठ फ्लॅट. चार आमचे, चार त्याचे. गल्लीत आधीच दोन स्कीमा (फ्लॅटच्या इमारती) झाल्यात. एवढं मंजूर होतं की नाही? सही याच आठवड्यात मागून राहिला. हो किंवा नाही सांगा, "वकिलाला भेटा" नको.

नकाशावाला
रस्ता किती मीटरचा? प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा, नझूलचा (सरकारी जमिनीवरचा) की मालकीचा? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

जुनी_कॉलनी
मंजुरीचं सोडा, पाण्याचं बोला. आठ फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे ५४०० लिटर. त्यातलं बहुतेक गडरलाइनीत. ती लाइन एका बंगल्याच्या हिशेबाने टाकलेली. तुंबली की चेंबर शेजाऱ्याच्या दारात उफाळतं, बिल्डरच्या नाही.

विदर्भवासी२
रस्ता नेहमीचाच. दोन गाड्या आरामात निघतात.

नकाशावाला
"दोन गाड्या" हे माप नकाशात चालत नाही भाऊ. राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत (डिसेंबर २०२० पासून लागू) दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१०. रस्ता ९ मीटर किंवा जास्त, पण १२ च्या आत, तर वर प्रीमियम (सरकारला पैसे भरून मिळणारा) ०.५० आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) ०.४०, एकूण २. रस्ता ९ च्या आत असेल तर हे दोन्ही शून्य.
तुमच्या ३००० फुटांवर: ९ मीटरला ६००० फूट, त्यावर ६० टक्के अनुषंगिक एफएसआय धरून ९६००. नऊच्या आत ३३००, साठ टक्क्यांसह ५२८०. जिना, लिफ्ट, लॉबी, बाल्कनी याच आकड्यात बसतात, त्यामुळे हातात येणारा कार्पेट बराच कमी.

पीके_बजाजनगर
एवढं घाबरवू नका राजेहो. पैसे भरले की सगळं होतं. प्रीमियम रेडीरेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) जमीनदराच्या ३५ टक्के, भरला की विषय संपला.

नकाशावाला
प्रीमियम भरायची मुभा असेल तेव्हा ना! नऊच्या आत तो विकतच मिळत नाही. मग मंजूर नकाशा दोन मजल्यांचा आणि बांधकाम चारचं. वरच्या दोन मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र नाही, गृहकर्जाला बँक हात लावत नाही, आणि पाडण्याची नोटीस येते मूळ मालकाच्या नावाने.

संत्राबर्फी
दक्षिणमुखी प्लॉट असेल तर जिना नैऋत्येला घ्या. आणि गुंठेवारीतला असेल तर आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) काढून घ्या.

पीके_बजाजनगर
गुंठेवारी कुठून आली मधात?

विदर्भवासी२
टेप लावला. कंपाउंड ते कंपाउंड २५ फूट. पण मग त्या दोन स्कीमा कशा झाल्या? लीज प्रन्यासची, बाबांच्या नावावर. बाबा आता नाहीत.

नकाशावाला
२५ फूट म्हणजे ७.६२ मीटर. पण कंपाउंडवरून ठरवू नका. लोकांनी भिंती पुढे सरकवलेल्या असतात, कागदावर ३० फूट (९.१४) निघू शकतात. मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत काढा, त्यावर तुमच्या समोरच्या रस्त्याचा आकडा असतो. त्या स्कीमा कोपऱ्यावर आहेत का? मोठ्या रस्त्याला तोंड असेल तर तिथे हिशेबच वेगळा.

विदर्भवासी२
एक कोपऱ्यावर आहे. दुसरी नाही.

कागदपत्रे_आधी
मुख्य गोष्ट कोणी बोललंच नाही. वडिलांच्या नावावर लीज असताना एकट्याची सही कशी चालेल? आधी सगळ्या वारसांची नोंद, आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) आणि प्रन्यासच्या रेकॉर्डवर. थकलेलं भूभाडं, लीज नूतनीकरण, मग पुनर्विकासाची ना-हरकत. बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या.
दुसरं: प्लॉट २७९ चौरस मीटरचा. ५०० पर्यंतच्या प्लॉटला रेराची (बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाची) नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा काम अडकलं तर दाद मागायचा तो सोपा दरवाजा नाही. संरक्षण करारातूनच घ्यावं लागेल. बँक गॅरंटी, घरभाडं दरमहा, मुदत नकाशा मंजुरीच्या तारखेपासून, आणि त्याचे फ्लॅट विकायचं मुखत्यारपत्र तुमचा ताबा मिळाल्यावरच. सरसकट मुखत्यारपत्र आज मागत असेल तर घाई त्याचीच आहे, तुमची नाही.

जुनी_कॉलनी
जोत्याची उंचीही करारात लिहा. सिमेंट रोड झाल्यापासून कित्येक गल्ल्यांत अंगण रस्त्याच्या खाली गेलंय. स्टिल्ट रस्त्याच्या पातळीखाली राहिला की पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी लेआउटमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

पीके_बजाजनगर
म्हणजे शहर वाढूच द्यायचं नाही का? आतल्या प्लॉटवर बांधलं नाही तर लोक शहराबाहेर बेसा-पिपळ्याला जातात, मग तिकडे रस्ता नाही म्हणून हेच लोक ओरडतात.

जुनी_कॉलनी
वाढू द्या ना. नळ आणि गडरलाइन आधी वाढवा.

हिरवा_टिपूर
अंगणात आंबा-कडुनिंब आहे का? वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. ५० वर्षांच्या वरचं असेल तर नियम अजून कडक.

विदर्भवासी२
आंबा आहे, पण तो मागच्या कोपऱ्यात. रस्ता खरंच नऊच्या आत निघाला तर हा बिल्डर टिकेल का?

नकाशावाला
फिफ्टी-फिफ्टीवर नाही टिकणार. ५२८० चे निम्मे म्हणजे २६४० त्याच्या वाट्याला, त्यात जिना-लॉबी वजा, आणि बांधकाम सगळं त्याच्या खिशातून. तो ६०-४० मागेल, किंवा "वरचे मजले नंतर बघू" म्हणेल. दुसरं ऐकलं की उठून या. लेआउटची प्रत मिळाली की रस्त्याचा आकडा इथे टाका.