मायक्रोफायबरचं सोवळं-ओवळं

तिरपा_आरसा (धागाकर्ता)
स्पष्टच लिहितो. गाडी पुसायच्या फडक्यांना वेगळा साबण, वेगळी बादली, वेगळा धुण्याचा दिवस, कुणी हात लावायचा नाही, हे सगळं मला सोवळं वाटतं. माझ्याकडे १४ मायक्रोफायबर फडकी आहेत, ४ वर्षांपूर्वीची. ती घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये जातात, त्याच साबणात आणि त्याच सॉफ्टनरमध्ये. बाहेर येतात तेव्हा मऊ लागतात, वासही छान येतो. पॉलिएस्टरचा शर्ट असाच धुतो ना आपण? मग त्याच धाग्याच्या फडक्याचे एवढे लाड कशाला?

जुनी_बनियन
+१. त्याही पुढे जाऊन म्हणतो, फडकंच कशाला? माझ्या आयडीकडे बघा.

ओली_लव
दोघांशीही असहमत.

धागा तोच नाही. ९,००० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅम भरलं तर तो १ डेनिअर, आणि मायक्रोफायबर त्याहूनही बारीक. चांगल्या फडक्यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) ८०:२० किंवा ७०:३० अशा प्रमाणात असतात आणि एकेक तंतू संत्र्याच्या फोडींसारखा चिरलेला असतो. पाणी, धूळ, उरलेलं वॅक्स, सगळं त्या फोडींमधल्या फटींत जाऊन बसतं. सॉफ्टनर धाग्यावर तुळतुळीत थर चढवतो. शर्टाला त्याचं सुख वाटतं, इथे मात्र फटींना बूच बसतं.

कपड्यांबरोबर धुण्याचंही तेच. टर्किशचा टॉवेल मशीनमध्ये जेवढा कापूस सोडतो, त्यातला बराचसा ही फडकी धरून बसतात. त्यांचं कामच धरणं आहे. मग काळ्या गाडीवर पांढरे तुरे दिसले की दोष पॉलिशला.

तिरपा_आरसा
पुस्तकी बोलू नका. माझी फडकी ४ वर्षं पाणी टिपताहेत.

ओली_लव
टिपतात की ढकलतात? काचेवर चमचाभर पाणी सांडा, फडकं त्यावर नुसतं ठेवा, दाबू नका, आणि उचला. एकदा जुनं, एकदा कोरं.

पाचवं_गिअर
माझा धंदाच डिटेलिंगचा, म्हणजे गाड्यांच्या बारकाईने साफसफाई-पॉलिशचा आहे, म्हणून थोडं लांबेल.

साबणावर भांडण्याआधी ढीग वेगळे करा. रंगावरची एकीकडे, काच आणि आतल्या भागाची दुसरीकडे, चाकं आणि इंजिनची तिसरीकडे. ब्रेकच्या काजळीत लोखंडाचे कण असतात. ते एकदा लवेत अडकले की सगळे निघाले याची खात्री कुठलंच मशीन देत नाही. चाकाचं फडकं बॉनेटवर फिरवलं की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. प्रत्येक वेळी पॉलिश मारून ओरखडे काढायचे म्हणजे त्यातलाच थोडा थर खर्च करायचा.

सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा संरक्षक लेप) पुसलेलं फडकं धुवायच्या भानगडीतच पडू नका. सुकलं की कोटिंग काचेसारखं कडक होतं आणि साबण त्याला सोडवू शकत नाही. टाकून द्या.

जुनी_बनियन
टाकून द्या म्हणणं सोपं आहे हो. शेवटी प्लास्टिकच ते. प्रत्येक धुण्यात तंतू पाण्यात जातात ते वेगळंच. निदान सुती कापड कुजतं तरी.

पाचवं_गिअर
तंतूंचा मुद्दा मान्य, म्हणून माझ्याकडे फडकी जाळीदार पिशवीत धुतात. बारीक जाळीच्या पिशवीत बरेच तंतू अडकतात, सगळे नाही. पण बनियनला लव नाही. खडा आत ओढला जात नाही, कापड आणि रंग यांच्या मध्येच रगडला जातो. बनियन बिचारी मऊच, खड्याला ते कोण सांगणार?

तिरपा_आरसा
काचेचा प्रयोग केला. जुन्या फडक्याने पाणी पुढे सारलं, खाली ओघळ राहिला. कोऱ्याने उचललं. सॉफ्टनरपुरती हार मान्य.

पण गरम पाणी आणि ड्रायरची भीती मी मानणार नाही. जो तो सांगतो फडकं वितळेल. पॉलिएस्टर वितळतं २५० अंशांच्या आसपास. घरातला कुठला ड्रायर तिथवर जातो?

ओली_लव
वितळायची वाट कशाला बघायची? ७०-८० अंशांच्या आसपास पॉलिएस्टर आतून सैल पडायला लागतं. तेव्हा लव वाकली की थंड होताना तशीच बसते. पॉलिएस्टर पँटची इस्त्रीची घडी धुतल्यावरही टिकते ना, तोच गुण इथे उलटा पडतो. फडकं दिसायला धड, हाताला खरखरीत. ड्रायर लावायचाच तर सगळ्यात कमी आचेवर. नाहीतर सावलीत दोरीवर, आधी चांगलं झटकून, म्हणजे लव उभी राहते.

घासूनपुसून
मी ६० अंशांवर धुतो, कित्येक फडक्यांच्या लेबलवरच तसं लिहिलेलं असतं. थंड पाण्यात तेलकटपणा जात नाही.

पाचवं_गिअर
लेबल म्हणत असेल तर ६० ला हरकत नाही. मी ४० वर थांबतो, कारण वॅक्समधलं कार्नोबा मेण वितळायला ८० अंशांच्याही पुढे जावं लागतं. ते ६० लाही नुसत्या पाण्याने सुटणार नाही, साबणच सोडवतो. त्यामुळे भिजत घालायला वेळ द्या, तापमानाला नको. आणि वॅक्स फडक्यात सुकू देऊ नका. काम झालं की लगेच बादलीत.

घासूनपुसून
आणि व्हिनेगर? त्याने फडकी पुन्हा नवी होतात म्हणे.

ओली_लव
जड पाण्याचे क्षार बसून फडकं कडक झालं असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाकल्याने फरक पडतो. सॉफ्टनरचा थर त्याने जात नाही. त्याला कोमट पाण्यात साबण घालून तासभर भिजवणं आणि दोन-तीनदा खळबळणं, एवढाच उपाय. ब्लीच मात्र अजिबात नको, पॉलिअमाइड कमकुवत होतं. आणि व्हिनेगर-ब्लीच एकत्र तर कधीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

तिरपा_आरसा
अपडेट. १४ पैकी ९ फडकी तीनदा भिजवून ताळ्यावर आली, ५ चाकांच्या ढिगात. वेगळा ढीग केला म्हणून घरात हसं झालं ते सांगत नाही. पण ‘खास मायक्रोफायबर वॉश’ची बाटली मी घेणार नाही. बिनवासाचा साधा पातळ साबण का चालत नाही?

पाचवं_गिअर
चालतो. मीही कितीतरी वेळा तोच वापरतो. नेहमीच्या निम्मा टाका आणि पाणी एकदा जास्त फिरवा. पावडर नको, नीट विरघळली नाही तर दाणे लवेत राहतात.

जुनी_बनियन
जमिनीवर पडलेलं फडकं धुवून परत वापरता का? खरं सांगा.

पाचवं_गिअर
रंगावर नाही.

ओली_लव
मी वापरते. लगेच उचललं, नळाखाली धरलं, धुतलं, बोटांनी चाचपलं, तर का नाही? एवढं कडक सोवळं मीही पाळत नाही.

पाचवं_गिअर
वाळूतल्या गारगोटीचा कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो, आणि तो बोटाला लागतोच असं नाही. गाडी तुमची आहे, मी गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात ठेवतो.

घासूनपुसून
कोरं फडकंही आधी धुवायचं का?

ओली_लव
हो. सुटे तंतू आणि जादा रंग निघून जातो. आणि शिवलेलं लेबल कापून टाका, त्याची कड ओरखडते.

तिरपा_आरसा
लेबल कापलं तर तापमान कुठे वाचायचं?

ओली_लव
कापायच्या आधी.