दहावीनंतर आयटीआय: फिटर की वेल्डर?

प्रश्न (खानापूर, जि. बेळगाव): माझा धाकटा भाऊ मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झाला आहे. त्याने २ वर्षांचा फिटर निवडावा की १ वर्षाचा वेल्डर? पुढे कोल्हापुरात हे प्रमाणपत्र चालेल का?

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव): आयटीआयनंतर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. घरची ओढाताण नसेल तर फिटरच घ्यावा, कारण आमच्या फाउंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉपच्या पट्ट्यात सुट्या भागाचे ड्रॉइंग वाचून मायक्रोमीटर (बारीक मोजमापाचे साधन) अचूक धरणाऱ्या मुलाचा पगार हेल्परपेक्षा लवकर वाढतो, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (निपाणी): आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप (कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी) अवश्य करावी, १९६१ च्या कायद्यानुसार त्या काळात विद्यावेतन मिळते. मी ती टाळली आणि अजून पस्तावतो. कन्नड लिहायला-वाचायलाही त्याने आत्तापासून शिकावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फिटरसाठीच अर्ज भरतो.