आई कॅथलिक, वडील हिंदू: बाळाच्या बाप्तिस्म्याला वडिलांची सही लागते का?

खानापूर_नाका

बेळगाव तालुका. आई रोमन कॅथलिक, वडील हिंदू मराठा. लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणी कार्यालयात झालेलं, चर्चमध्ये नाही. मूल पाच महिन्यांचं, बारसं झालेलं आहे. आईकडचे लोक बाप्तिस्मा आत्ताच उरका म्हणतात. वडील सरळ नाही म्हणत नाहीत, पण "मोठं झाल्यावर त्याचं तो ठरवू दे" म्हणतात आणि सहीला हात लावत नाहीत.

आईच्या एकटीच्या सहीवर होतं का? इथं जमलं नाही तर आजोळी गोव्यात किंवा गडहिंग्लजकडच्या नातेवाइकांच्या चर्चमध्ये करता येतं का? कर्नाटकाच्या धर्मांतर कायद्यात हे बसतं का? आणि पुढं जात, वाटणी, दाखले यांत मुलाचं काय अडतं? भावनिक सल्ला नको, नियम सांगा.

पॅरिश_दप्तर

आधी एक घोळ सोडवू. बाप्तिस्मा ग्राह्य आहे का, हा एक प्रश्न. तो नियमाला धरून झाला का, हा दुसरा. संमतीची भानगड सगळी दुसऱ्या प्रश्नात येते.

कॅथलिक चर्चचा १९८३ चा कायदा बघा, कॅनन (म्हणजे कलम) ८६८. तान्ह्या मुलासाठी दोन अटी आहेत. आई-वडिलांपैकी किमान एकाची (किंवा त्यांच्या जागी कायदेशीर पालक असेल त्याची) संमती, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा. तेव्हा आईची एकटीची सही चर्चच्या नियमाला पुरते. आजी, मामा, मावशी यांची पुरत नाही, त्यांनी कितीही तगादा लावला तरी.

तरीही फाइल अडते ती दुसऱ्या अटीवर. आशा अजिबात नसेल तर फादरनी बाप्तिस्मा पुढं ढकलायचा असतो आणि कारण आई-बापाला सांगायचं असतं. ढकलणं म्हणजे नाकारणं नव्हे, हे लोक विसरतात आणि ऑफिसात भांडायला येतात. बाप घरात रोज विरोध करणार असेल, तर मुलाला रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) कोण आणणार, धर्मशिक्षणाला कोण पाठवणार, हे फादर विचारणारच. आईचं उत्तर स्पष्ट असेल तर काम होतं. उत्तर "बघूया" असेल तर होत नाही.

दुसरं, तुमच्या केसमध्ये लग्न चर्चबाहेर झालंय. कॅथलिक माणसानं बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न करायचं तर बिशपची सूट लागते, आणि ती मागताना कॅथलिक बाजू वचन देते की मुलांचा बाप्तिस्मा होऊन ती कॅथलिक वाढावीत यासाठी आपण शक्य ते सगळं करू. शब्द नीट वाचा: शक्य ते सगळं. दुसऱ्या बाजूकडून वचन घेत नाहीत, तिला या वचनाची फक्त कल्पना देतात. हे कॅनन ११२५. तुमच्याकडं सूटच घेतलेली नाही, तेव्हा चर्चच्या दृष्टीनं आईचं लग्न अजून उभं राहिलेलं नाही. म्हणून मुलाचा बाप्तिस्मा थांबतो असं नाही. पण फादर म्हणतील, आधी तेवढं सरळ करून घ्या. त्याला नवऱ्यानं चर्चमध्ये पुन्हा उभं राहायलाच हवं असं नाही. दोघांची लग्नाची इच्छा कायम असेल तर बिशप मूळ लग्नच मान्य करून देऊ शकतात.

कागद: मुलाचा जन्मदाखला, आईचा बाप्तिस्मा दाखला, लग्नाचा दाखला, आणि धर्ममाता-धर्मपित्यासाठी त्यांच्या पॅरिशचं (ज्या चर्चच्या हद्दीत ते येतात त्याचं) पत्र. पाद्रीन (धर्मपिता) किंवा मादीन (धर्ममाता) एक असली तरी चालते, दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. वय १६ पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं, आणि मुलाचे सख्खे आई-वडील नकोत. हिंदू काकाला मान म्हणून पाद्रीन करता येत नाही. प्रोटेस्टंट मावशी असेल तर ती कॅथलिक पाद्रीनबरोबर साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. त्याआधी आई-वडील आणि पाद्रीन यांची तयारीची बैठक असते. वडील धर्म न बदलता तिथं बसू शकतात, आणि बसावंच. अर्धे वाद त्या खोलीतच मिटतात.

आता जी गोष्ट कोणी सांगत नाही ती. दोघांचीही संमती नसताना कोणी पाणी ओतलं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं शब्द उच्चारले, तर ते नियमबाह्य, पण चर्च तो बाप्तिस्मा झाला असंच धरतं. पुन्हा करता येत नाही, रद्दही होत नाही. १८५८ मध्ये बोलोन्यात एका ज्यू घरातल्या सहा वर्षांच्या एडगार्डो मोर्ताराला पोपच्या राज्याच्या पोलिसांनी आई-बापापासून काढून नेलं, ते याच तर्कानं: घरातल्या मोलकरणीनं तो आजारी असताना गुपचूप बाप्तिस्मा दिला होता. आज असं काही होत नाही. पण मूल मरणाच्या दारात असेल तर आई-बापाच्या इच्छेविरुद्धही बाप्तिस्मा नियमात बसतो, हे वाक्य ८६८ च्या दुसऱ्या पोटकलमात अजून आहे. वडिलांचा विरोध पक्का असेल आणि मूल अतिदक्षता विभागात असेल, तर वॉर्डात तसं लेखी द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीच्या नर्सपर्यंत पोचत नाही.

धारवाड_खंडपीठ

चर्चचा नियम एकाची संमती पुरते म्हणतो म्हणून सरकारी कायद्यात निर्धास्त होऊ नका.

कर्नाटकाचा २०२२ चा धर्मस्वातंत्र्य हक्क संरक्षण कायदा. विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधानसभेनं मंजूर केलं होतं. त्यात धर्मांतर म्हणजे स्वतःचा धर्म सोडून दुसरा स्वीकारणं. पाच महिन्यांचं मूल काय सोडतं आणि काय स्वीकारतं, हा बचावाचा पहिला मुद्दा, आणि तो मजबूत आहे. ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडं द्यायचा 'नमुना १' हा अर्ज, स्वतः धर्म बदलणाऱ्यानं भरायचा आहे. तान्हं मूल तो भरूच शकत नाही. दोन्ही पालक राजी असतील तर प्रकरण इथंच संपतं.

पण बारसं झालंय, वडील हिंदू आहेत, आणि त्यांची सही नाही. अशा वेळी तक्रार कोण करू शकतं ते बघा: आई-वडील, भाऊ-बहीण, रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकामुळे झालेले नातेवाईक, इतकंच काय, ओळखीचा सहकारीसुद्धा. म्हणजे वडील गप्प राहिले तरी चुलता ठाण्यात जाऊ शकतो. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. बळजबरी, फसवणूक, आमिष नव्हतं हे दाखवायचा बोजा बाप्तिस्मा देणाऱ्यावर आणि मदत करणाऱ्यावर. अल्पवयीन असेल तर शिक्षा ३ ते १० वर्षं, दंड ५० हजार. खटला टिकणार नाही कदाचित, पण जामिनासाठी फेऱ्या तर माराव्या लागतीलच. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं हा कायदा मागं घ्यायचं ठरवलं, त्यावर विसंबून राहू नका. मंत्रिमंडळाच्या ठरावानं कायदा जात नाही; विधेयक दोन्ही सभागृहांतून जाऊन राजपत्रात यावं लागतं. तारीख ठरवायच्या आधी राजपत्र उघडून बघा.

म्हणून वडिलांची सही चर्चसाठी नाही, फाइलसाठी घ्या. साध्या कागदावर: मुलाचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच, जन्मतारीख, दोघांची नावं, "आम्ही दोघे स्वखुशीने मान्यता देत आहोत, वडील स्वतः धर्म बदलत नाहीत", चर्चचं नाव, तारीख, दोन्ही कुटुंबांतून एकेक साक्षीदार. एक प्रत मराठीत, कारण सही करणाऱ्याला समजलं पाहिजे; एक कन्नडमध्ये, कारण ठाण्यात मराठी कागद वाचणारा भेटेलच असं नाही. "हरकत नाही" एवढंच लिहून घेऊ नका, "मान्यता आहे" लिहा. हरकत नाही हे वाक्य नंतर "मला विचारलंच नव्हतं" असं सहज फिरवता येतं.

आणि वडील खरोखरच नको म्हणत असतील तर? मग आईनं गुपचूप करू नये. पुढं ताब्याचा वाद उभा राहिला, तर कौटुंबिक न्यायालय गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, १८९० प्रमाणं मुलाचं हित बघतं, आणि लपवून केलेली गोष्ट हिताच्या बाजूनं क्वचितच मोजली जाते.

खानापूर_नाका

दोघांचेही आभार. सही होईलसं वाटत नाही ओ, म्हणून आजोळचं विचारलं होतं. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की कर्नाटकाचा कायदा संपला की.

पॅरिश_दप्तर

तसं नसतंय. बाप्तिस्मा आई-वडिलांच्या पॅरिशमध्ये व्हावा हा सर्वसाधारण नियम आहे. बाहेर करायचा तर सबळ कारण लागतं. गोव्याचे किंवा गडहिंग्लजचे फादर पहिल्यांदा तुमच्या पॅरिशचं पत्र मागतील, आणि ते पत्र द्यायला इथले फादर तेच प्रश्न विचारतील. शिवाय नोंद जिथं बाप्तिस्मा झाला तिथल्या रजिस्टरात कायमची राहते. २५ वर्षांनी मुलाच्या लग्नाला नवा दाखला हवा असेल तर तिथंच जावं लागतं, आणि कुठल्या गावचं चर्च हे तेव्हा कुणाला आठवत नाही.

धारवाड_खंडपीठ

आणि मूल बेळगावचं, आई-बाप बेळगावचे, बेत इथं शिजलेला. घाट उतरल्यानं चुलत्याची तक्रार थांबत नाही. उलट "मुद्दाम बाहेर नेलं" हा एक मुद्दा त्याला फुकट मिळतो.

वाटणीचं राहिलं होतं. इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली हिंदू-ख्रिश्चन लग्न झालं की कलम १९ नुसार हिंदू नवरा त्याच दिवशी एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरतात, आणि कलम २१ नुसार त्याच्या मिळकतीला इंडियन सक्सेशन ॲक्ट, १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल तर बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. त्यात मुलाचा धर्म कुठंच येत नाही. जे काही बदलायचं होतं ते लग्नाच्या दिवशी बदललं. बाप्तिस्म्यानं त्यात काडीचा फरक पडत नाही.

जातीचंही तुमच्यापुरतं सोपं आहे. कर्नाटकाच्या मागासवर्गांच्या यादीत मराठा ३बी गटामध्ये, ख्रिश्चनही ३बी मध्ये. वडील अनुसूचित जातीचे असते तर मात्र मी हात जोडून थांबा म्हटलं असतं. १९५० च्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हिंदू बाप आणि ख्रिश्चन आईच्या मुलीला हा दाखला नाकारला. तिचा तान्हेपणीचा बाप्तिस्मा आणि नंतरचं चर्चला जाणं, दोन्ही विरोधात गेलं. त्या घरांत बाप्तिस्म्याचं रजिस्टर हा पुरावा ठरतो, हे सही करण्याआधी आईलाही सांगायला हवं.

मिशन_कंपाउंड

आमच्या मेथडिस्ट मंडळीतही तान्ह्यांचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा पाळकसाहेब बदलून प्रश्न सुटणार नाही. पेन्टेकॉस्टल लोक मात्र मुलाचं फक्त अर्पण करतात: प्रार्थना, डोक्यावर हात, पाणी नाही. बाप्तिस्मा स्वतः कबुली देईल तेव्हा. वडिलांचं म्हणणं तेच आहे की.

पॅरिश_दप्तर

कॅथलिक राहूनही तो मार्ग आहे. फादरकडून नुसता आशीर्वाद घ्या. त्याची नोंद नाही, बंधन नाही. मुलाची सात वर्षं पूर्ण झाली की चर्च त्याला कळतं असं धरतं, आणि मग नियम प्रौढांचे लागतात: त्याची स्वतःची इच्छा हवी, शिक्षण हवं. तोवर वडिलांशी बोलायला वेळ आहे.

आज ना उद्या करणारच असाल तर नावाकडं लक्ष द्या. संताचंच नाव हवं असा नियम नाही, ख्रिस्ती भावनेला विपरीत नसलं की झालं. बारशाचं नाव चालतं. लोक हौसेनं रजिस्टरात तिसरंच नाव घालतात आणि पुढं पासपोर्टला दोन दाखले जुळत नाहीत. जन्मदाखल्यावर नाव अजून चढवलं नसेल तर १२ महिन्यांच्या आत फी न देता चढवता येतं. आधी ते करा, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग तपासा, आणि तीच अक्षरं फादरच्या समोर ठेवा.