मोटरच्या ऑटोस्विचचा बोर्ड एकाच जागी पुन्हापुन्हा जयते, प्लेटच बदलू का?

डीपीवरचा_कावळा:
राम राम मंडळी. वणीकडचा हाओ मी, घरीच थोडंफार रिपेरिंग पाह्यतो. विहिरीवरच्या मोटरच्या ऑटोस्विचमधला बोर्ड रिलेपाशी (करंट चालू-बंद करणारा स्विच) जयाला होता, रिले नवी टाकली, जयालेला ट्रॅक वायरनं जोडला, आठ दिवस बरा चालला अन् पानी आलं की त्याच जागी चिडचिड अन् धूर. प्लेट तपकिरी हाय. दुकानवाला म्हणते हिरवा घे, हिरवा जयत नाही. खरं हाय का बा? अन् ते कायं आयसी, म्हणजे चिप, असते तेबी अशाच प्लेटचं असते का?

सोल्डर_काका:
रंगावर जाऊ नको भाऊ, हिरवा तर वरचा मास्क हाय, म्हणजे तांब्यावरचा रंगाचा थर. बोर्ड उजेडात धर, तांबं नाही तिथं कापडासारखी वीण दिसली तर काचेचा धागा अन् इपॉक्सी, म्हणजे एफआर-४. तुह्यावाला कागदाचा हाय, फेनॉलिकमधी दाबलेला, एफआर-१ नाहीतर एफआर-२, आपण हायलम म्हणतो तेच. कागद म्हटलं की ओल धरतेच. पण खरा घोटाळा दुसराच हाय, जयालेल्या जागी कोयसा झाला अन् कोयशातून करंट जाते, तू वरून वायर टाकली तरी खालचा काया रस्ता चालूच. मेन बंद करून सगळं कायं खरड, आरपार गेलं असंल तर सरळ भोक पाड, मंग वरून इपॉक्सी लाव. अन् एफआर म्हणजे आग पसरू न देणारं, न जयणारं नाही! एफआर-४ बी १३०-१४० डिग्रीच्या पुढं नरम पडते.

पऱ्हाटी_बोंड:
आमच्या बोर्डात पाल शिरली होती, तिले कोणता एफआर लावावा 😂

पॉलीवाला_अमरावती:
आयसीचं सांगतो. काळं दिसते ते नुसतं इपॉक्सीचं खोकं, आत सिलिकॉनचा बारीक तुकडा असतो. सिलिकॉन १४१४ डिग्रीला वितळते, त्यातून एकच स्फटिक हळूहळू वर ओढतात, जाड कांडी तयार होते, मग काकडीसारख्या चकत्या, मोठी चकती ३०० मिलिमीटरची अन् जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. बोर्डाची प्लेट फक्त धरून ठेवते अन् करंट अडवते, चिपमध्ये मात्र ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक इलेक्ट्रॉनिक स्विच, त्या चकतीतच घडवलेले असतात. एलईडी बल्बात अजून वेगळं, तिथं प्लेट अॅल्युमिनियमची, गरमी ओढायला.

डीपीवरचा_कावळा:
काका खरडलं, कोयसा पार खालपर्यंत निघाला, भोकच पाडलं. या आठवड्यात लाइन रात्री १२ ची हाय, तवा चालवून पाह्यतो.