पोराबाळांसकट रानवाटा: नाशिकच्या आसपासची सोपी भटकंती, तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची
नाशिकात ट्रेक म्हटलं की हरिहरच्या कातळपायऱ्या, नाहीतर कळसूबाई. त्यांचे वृत्तांत ढिगाने मिळतात. पण घरात चार वर्षांचं पोर आणि गुडघे धरून चालणारे सासरे असतील तर रविवारी जायचं कुठे? हा धागा त्यासाठी. थोडी सावली, जमलं तर एखादा ओहोळ, आणि कंटाळा आला की कुठूनही मागे फिरता येईल अशा जागा सांगा. किती वेळात माथा गाठला ते नको. मुलं कुठे रमली, कुठे भोकाड पसरलं, गाडी कुठे लावली, माकडं किती, हे लिहा. वृत्तांतांतून नेमकं तेच गायब असतं.

सुरुवात मीच करते. आमची हक्काची जागा पांडवलेणी. पायथ्याला नेहरू वनोद्यान, तिथून बांधीव पायऱ्या, मुलांच्या चालीनेही अर्ध्या तासात वर. चोवीस लेण्यांपैकी आमचा मुक्काम तीन नंबरलाच पडतो. व्हरांड्याचा भार खांद्यावर घेतलेले सहा यक्ष तिथे आहेत. "त्यांना खाली का नाही ठेवू देत?" हा प्रश्न लेकीला दर वेळी पडतो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेखही त्याच लेण्यात आहे. आजोबा तो नातीला बोट ठेवून दाखवतात. (बोट हवेत, दगडाला नाही.) सकाळी लवकर जा, दहानंतर कातळ तापतो.

सातपूरकर
फाशीचा डोंगर कोणी सांगितला नाही अजून? नाव ऐकून घाबरू नका. 2015 पासून लोकांनी तिथे देशी झाडं लावून देवराई उभी केली आहे. चढ फारसा नाही. आम्ही मुलांना एकच काम देतो, प्रत्येकाने आपलं एक झाड निवडायचं आणि पुढच्या वेळी ते शोधून काढायचं. माझ्या मुलाचं बेहड्याचं आहे आणि तो त्याच्याशी भांडतो. उन्हाळ्यात पाणी भरपूर न्या.

निफाडची सून
डोंगर चढायचाच नसेल तर नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा जलाशय रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) असल्याचं 2020 च्या सुरुवातीला जाहीर झालं, राज्यातलं ते पहिलंच ठिकाण. नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर. चापडगावच्या बाजूने आत गेलं की वाट सपाट, एका हाताला पाणी, मध्ये निरीक्षण मनोरे. तिकीट काढून स्थानिक गाईड जरूर घ्या, त्याच्या दुर्बिणीशिवाय निम्मे पक्षी ठिपकेच दिसतात.

मुलांसाठी पक्षी निवडताना दुर्मिळाच्या मागे लागू नका. शेकाट्या दाखवा, लालभडक लांब पाय, लगेच ओळखू येतो. पानांवरून चालत जाणारा कमळपक्षी दाखवा. जांभळी पाणकोंबडी दाखवा. मोठी माणसं रोहित (फ्लेमिंगो) आले का, चक्रवाक किती, याचा हिशोब करत बसतात आणि पोरं मागे चिखलात खेकड्याची बिळं मोजत असतात. मोजू द्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोचरी थंडी असते, कानटोपी हवीच. आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगते: आमच्या पट्ट्यात ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. दिवस मावळायच्या आत गाडीत बसा, आणि लहान मुलाला उसाच्या कडेला "पटकन जाऊन ये" म्हणून एकटं पाठवू नका.

भटक्या_सिडको
काय भो, सगळे सुक्या जागा सांगताय! पावसाळ्यात त्र्यंबकजवळचं पहिने घ्या ना. डोंगरभर धबधबे, मुलं वेडी होतात.

गोदाकाठची
@भटक्या_सिडको, मुलं वेडी होतात आणि आईबाप गाड्यांच्या रांगेत. शिवाय पावसाळी शनिवार-रविवारी तिथली गर्दी कुटुंबाची नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

त्र्यंबकरोडवाला
गर्दीचं जाऊ द्या, पाण्याचं बोला. माझं घर त्या बाजूला आहे. नाशिकात लख्ख ऊन असतं आणि त्याच वेळी ब्रह्मगिरीकडे धो धो कोसळत असतं. खालच्या ओढ्यात घोट्याएवढ्या पाण्यात खेळणाऱ्यांना वरचा पाऊस दिसतच नाही. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की फोटो न काढता बाहेर. आणि बाहेर म्हणजे आपल्या गाडीच्या काठाला. पलीकडच्या काठावर गेलात तर तिथेच अडकून बसाल. म्हणूनच मी पाहुण्यांच्या मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्यात उतरू देत नाही, मग कोणी रुसो.

नवरात्राच्या सुमारास या. तेव्हा ओहोळ वाहते असतात, पण तळ दिसतो. शेवाळ मात्र तेव्हाही असतं. ओला काळा दगड टाळून खडबडीत दगडावर पाय टाकायला शिकवा. रबरी चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल चालतात.

भटक्या_सिडको
बरं भो, नवरात्रात जाऊ. धबधबा नसला तरी भजी मिळतील ना?

कंदीलपुष्प
अंजनेरी. पण माथ्यापर्यंत नाही! सिटीलिंकच्या त्र्यंबकच्या बसने फाट्यावर उतरा. गावात जुनी पडकी मंदिरं आहेत, आधी ती पाहा. मग डोंगराच्या वाटेने दमेपर्यंत चाला आणि परत या. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे माझा जीव सप्टेंबरच्या गवतात अडकलेला असतो. फक्त अंजनेरीच्या नावानेच ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची जात या भागात आहे. इतकुसं रोप, फूल कंदिलासारखं आणि आत केस. माशी आत शिरते, काही काळ अडकते, परागकण अंगावर घेऊन सुटते. ही गोष्ट सांगितली की आठ वर्षांची मुलं गवतात पोटावर झोपून शोधायला लागतात. 2017 पासून अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा वाट सोडून गवत तुडवू नका. फूल तोडणाऱ्याला मी तिथल्या तिथे झापते, ओळख असो-नसो.

आजी_इंदिरानगर
मी सत्तरीची. सून म्हणाली, "आई, गंगाद्वारला याल का?" म्हटलं, येते की. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर आहे ते, पायऱ्या पुष्कळ आहेत, पण वाटेत टेकायला जागा मिळते आणि मी प्रत्येक ठिकाणी टेकले. नातवाला वाटलं आजीमुळे थांबतोय, खरं तर दम त्यालाच लागला होता. ताक घेतलं, काकडी घेतली. माकडांनी समोरच्या बाईची प्लॅस्टिकची पिशवी ओढून नेली. खाऊ हातात दिसेल असा ठेवू नये, पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवावा. दशम्या आणि गूळ-शेंगदाणे न्यावेत, त्या तळलेल्या पाकिटांनी तहान लागते.

रामशेज_फॅन
रामशेज! आशेवाडीतून वर जायला तासाभराची वाट. मराठ्यांनी 1682 पासून मुघलांना कित्येक वर्षं दाद दिली नाही तो हाच किल्ला, एवढं सांगितलं की मुलगे पळत सुटतात.

गोदाकाठची
@रामशेज_फॅन, मुलीही पळतात हो. पण सावली नाही तिथे. डिसेंबरात ठीक, मार्चनंतर नाही.

डॉ_कॉलेजरोड
पटकन दोन गोष्टी. लेणी आणि कड्यांजवळ आग्या मोहोळ असतं. अत्तर फवारून जाऊ नका, जवळपास कोणी धूर करत असेल तर मुलांना घेऊन निघा. आणि साप चावला तर कापणं, चोखणं, दोरीने आवळून बांधणं काही नको. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना.

नवी_आई
सगळं वाचलं. बाळ दहा महिन्यांचं आहे. बाबागाडी यातल्या कुठे चालेल?

निफाडची सून
@नवी_आई, नांदूरला थोडी ढकलता येईल, पण खडीवर बाळ सगळ्यात आधी जागं होतं. झोळीत छातीशी बांधा आणि बाबागाडी डिकीत राहू द्या. बाबांना सोबत आणा, उतरताना झोळी त्यांच्याकडे.