प्रतिसाद: समुद्रकाठच्या जुन्या उद्यानात कधी जावं?

'संध्याकाळी पाचला गेलं तर चालेल का?' असं वर विचारलंय. घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक बघा. बहुतेक किनाऱ्यांवर भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. कालची वेळ आज धरली की फसलात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. त्यात वारा समुद्राकडून असेल तर लाट उभ्या भिंतीवर आपटून सरळ वर उडते आणि कठड्यालगतची फरसबंदी भिजते. हिरवट दगडावर पाय नकोच. जुन्या लोखंडी रेलिंगवर रेलू नका. खाऱ्या हवेनं रंगाखाली गंज धरतो, वरून मात्र धड दिसतं. आणि हो, चष्मा कोरडा पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्यानं धुवा.